‘विश्वस्तपदी निवड’ या बातमीनंतरचे नव्वद दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर ‘विश्वस्तपदी निवड’ ही बातमी वरचेवर असते. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि मधोमध नवे विश्वस्त. बातमी तिथे संपते. निवड झाल्या दिवसापासून कायद्याची मुदत मोजायला सुरुवात झालेली असते, हे मात्र छायाचित्रातल्या माणसाला बहुधा कुणी सांगितलेले नसते. त्याला सांगितलेले असते ते एवढेच : ‘तुमचे फक्त नाव हवे, बाकी सगळे आम्ही बघतो.’

या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘आमचा ट्रस्ट नाही, सोसायटी आहे, आम्ही विश्वस्त नाही, कार्यकारिणीचे सदस्य आहोत,’ असे शिक्षण संस्था, वाचनालये आणि मंडळांचे पदाधिकारी नेहमी म्हणतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 मध्ये सार्वजनिक न्यासाची व्याख्या मंदिर, मठ, चर्च अशा देवस्थानांपुरती नाही. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्थाही तिच्यात येते. अशा संस्थेचे नियामक मंडळ कायद्याच्या भाषेत ‘व्यवस्थापक’ आहे आणि ‘विश्वस्त’ या शब्दात व्यवस्थापकाचा समावेश आहे. लेटरहेडवर पदाचे नाव काहीही छापा, जबाबदारी तीच.

त्या जबाबदारीचा गाभा कलम 36-ए मध्ये आहे. न्यासाचा कारभार न्यासपत्र, संस्थेची रूढी आणि धर्मादाय आयुक्तांचे किंवा न्यायालयाचे कायदेशीर आदेश यांना धरून करायचा. पैसा न्यासाच्या उद्दिष्टासाठीच लावायचा. आणि सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो तेवढी न्यासाच्या मालमत्तेची घ्यायची. मोजपट्टी साधी आहे. स्वतःच्या घराची दुरुस्ती असती तर एकाच ठेकेदाराच्या तोंडी आकड्यावर धनादेश दिला असता का? स्वतःची आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर न्यासाच्या बाबतीत तसे करणे ही काळजीतली कसूर आहे. मग हेतू कितीही निर्मळ असो.

आता नव्वद दिवसांचे. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, नवा निवडला, न्यासाला जमीन मिळाली, पत्ता बदलला, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतली कुठलीही नोंद बदलली, की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत फेरफार अर्ज द्यावा लागतो. आपल्याकडे याला सर्रास ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. सोबत सभेची नोटीस, ती सदस्यांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितीच्या सह्या, इतिवृत्त, ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे, आणि जाणाऱ्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला लागतो. विलंब झाला तर सबळ कारण देऊन तो माफ करून घेता येतो. पण हे अर्ज सहसा विलंबामुळे पडत नाहीत, ते पडतात सभेच्या नोटिशीवर.

संस्थेच्या घटनेत ‘पंधरा दिवस आधी लेखी नोटीस’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात चार दिवस आधी व्हॉट्सअॅपच्या गटात एक ओळ टाकलेली असते. घटनेत गणपूर्ती एकतृतीयांश असते आणि सह्या तेवढ्या भरत नाहीत. सभासद यादी अद्ययावत नसते. मृतांची नावे तशीच असतात आणि वर्गणी भरलेल्यांची नावे गाळलेली असतात. एका नाराज सभासदाने हरकत घेतली की यातली कुठलीही एक त्रुटी अर्ज बुडवायला पुरते. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मंडळाची मुदत पाच वर्षांची असेल आणि पहिला अर्ज प्रलंबितच राहिला, तर पुढच्या निवडणुकीचा अर्ज त्याच्यावर रचला जातो, त्याच्यावर तिसरा. पहिला फेटाळला गेला की दुसरी सभा बोलावण्याचा अधिकार कुणाला होता, हाच प्रश्न उभा राहतो आणि वरची सगळी उतरंड डळमळते. बँक खाते गोठवते, अनुदान अडते, शिक्षकांच्या मान्यता रखडतात. हे टाळण्याचा उपाय कंटाळवाणा आहे : प्रत्येक सभेच्या आधी घटनेतले सभेचे कलम वाचायचे आणि नोटीस त्यात सांगितलेल्या मार्गानेच पाठवायची. व्हॉट्सअॅप वरून आणखी पाठवायला हरकत नाही, पण त्याच्या ऐवजी नाही.

मालमत्तेचा फेरफार तर विसरलाच जातो. भाविकाने जमीन दिली, बक्षीसपत्र झाले, सातबाऱ्यावर नावही लागले; पण परिशिष्ट 1 वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदवहीत, नोंद नाही. त्याहून घातक प्रकार म्हणजे न्यासाची नोंदणी व्हायची आहे म्हणून जागा तात्पुरती अध्यक्षांच्या नावावर घेणे. अध्यक्ष वारतात, वारसांची नावे लागतात आणि ज्यांना हा इतिहास ठाऊक नाही अशी त्यांची मुले पूर्ण प्रामाणिकपणे ती जमीन आपलीच समजतात.

पैशाकडे वळू. तातडीने लागणार नाही ती रक्कम कुठे ठेवायची, हे कलम 35 सांगते : शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनाने मान्यता दिलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे. वेगळी गुंतवणूक करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. या यादीत पतसंस्था नाही. तरीही गावोगावच्या देवस्थानांच्या आणि शाळांच्या ठेवी पतसंस्थांत सापडतात. व्याज थोडे जास्त असते, आणि बऱ्याचदा पतसंस्थेचा संचालक हाच न्यासाचा विश्वस्त असतो. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नसते. पतसंस्था बुडाली तर ‘आम्हालाही फसवले’ म्हणून सुटका होत नाही, कारण पैसा मुळात तिथे ठेवायलाच नको होता. आणि बँकेच्या बाबतीतही लक्षात ठेवावे की तो 5 लाखांचा विमा एका बँकेतल्या सर्व शाखांमधल्या ठेवी मिळून असतो, प्रत्येक पावतीला वेगळा नाही.

न्यासाच्या पैशातून विश्वस्ताने स्वतःसाठी उचल घेणे कलम 36-ए ने थेट मना केले आहे. ‘महिनाभरात परत केले, व्याजासकट केले’ हे स्पष्टीकरण शिक्षा ठरवताना कदाचित उपयोगी पडेल. उल्लंघन त्याने पुसले जात नाही. न्यासाच्या नावाने कर्ज काढणे हाही विश्वस्तांच्या मर्जीचा विषय नाही, त्यावर धर्मादाय आयुक्तांचे नियंत्रण आहे. बँकेने मंजुरीपत्र दिले म्हणजे झाले, असे समजू नये. बँक स्वतःचे तारण पाहते, तुमचे कलम पाहत नाही.

जमीन आणि इमारतीचे कलम 36 हे या कायद्यातले सर्वांत महाग कलम. विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस यांना पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीचा 10 वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जमीन वा इमारतीचा 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही परवानगीशिवाय वैध नाही. परवानगी मागताना ठराव, विक्रीची गरज, मान्यताप्राप्त मूल्यांककाचा अहवाल आणि वृत्तपत्रात जाहिरात देऊन मागवलेले देकार तपासले जातात. इथे धर्मादाय आयुक्त विश्वस्तांची सोय पाहत नाहीत. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो, व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे का. माहिती दडवून मिळवलेली परवानगी मागे घेता येते. 2017च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत मागाहून मंजुरीची वाट ठेवली आहे, पण ती अडकलेल्यांसाठी आहे. तिच्या भरवशावर व्यवहार आखणे म्हणजे विम्याच्या भरवशावर घराला काडी लावणे.

पळवाटा सगळ्यांना पाठ आहेत. दोन वर्षे अकरा महिन्यांचा करार आणि त्यातच ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार नूतनीकरण’; किंवा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, तोच माणूस, तेच भाडे, वीस वर्षे. कागदावर कुठलाच करार तीन वर्षांचा नाही. पण चौकशी झाली तर बाजारभाव आणि प्रत्यक्ष भाडे यांच्यातला वर्षानुवर्षांचा फरक हे न्यासाचे नुकसान म्हणून मोजले जाऊ शकते. त्या ठरावांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांनी तो हिशेब एकदा घरी करून पाहावा.

हिशेबाची रीत ठरलेली आहे. खाती 31 मार्चला बंद करायची, सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करायचे, त्यानंतर अहवाल धर्मादाय कार्यालयात जायला हवा. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्नाच्या न्यासाने अंदाजपत्रक वर्ष सुरू होण्याच्या एक महिना आधी सादर करायचे असते, म्हणजे फेब्रुवारीअखेर. प्रत्यक्षात पुष्कळ संस्थांचे अंदाजपत्रक लेखापरीक्षणाबरोबरच, म्हणजे वर्ष उलटल्यावर, तयार होते. झालेल्या खर्चाचा अंदाज बांधण्याचे हे शास्त्र आपणच शोधून काढले असावे. कलम 36-बी खाली स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवायची असते. देवस्थानात दागिन्यांची नोंद ‘सोन्याचा हार, एक नग’ अशी असेल तर ती नसल्यातच जमा. वजन, शुद्धता, छायाचित्र, कुणी कधी अर्पण केला आणि आज कुणाच्या ताब्यात आहे, एवढे हवे. दानपेटीला दोन कुलपे, किल्ल्या दोन वेगळ्या विश्वस्तांकडे, मोजदाद निदान तिघांसमोर, नोटा-नाण्यांचा तपशीलवार कागद त्याच वेळी सह्यांसकट, आणि भरणा दुसऱ्याच दिवशी त्याच रकमेचा. मोजदादीतून ‘किरकोळ खर्चाला’ पैसे बाजूला काढले की त्या दिवसापासून रोजकीर्द खोटी पडते.

लेखापरीक्षकाचा अहवाल वाचणारे विश्वस्त फार थोडे. ताळेबंदाची शेवटची ओळ पाहतात आणि सही करतात. खरा मजकूर ताळेबंदात नसतोच. तो नियम 19 खालच्या प्रश्नांच्या उत्तरांत असतो. रोख शिल्लक प्रत्यक्ष जुळली का? मालमत्तेची नोंदवही आहे का? 5,000 रुपयांवरच्या दुरुस्तीला वा बांधकामाला निविदा मागवल्या का? कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको वा धनको आहे का? गुंतवणुकीत कुणाचे हितसंबंध आहेत का? सभा नियमित झाल्या का, इतिवृत्त लिहिले का? इथला एक ‘नाही’ पुढच्या साखळीची पहिली कडी आहे. लेखापरीक्षकाने बेकायदा वा गैर खर्च, वसूल न केलेली येणी किंवा नुकसान दाखवले की कलम 38 खाली खुलासा मागवला जातो, कलम 39 खाली अहवाल वर जातो, कलम 40 खाली नुकसानीची रक्कम ठरते आणि कलम 41 खाली ती भरण्याचा आदेश निघतो. ही रक्कम न्यासाच्या नव्हे, विश्वस्ताच्या खिशातून जाते.

किती जाते, याबद्दल फार भाबडा समज आहे. समजा पाच विश्वस्त आहेत आणि न्यासाचे 12 लाखांचे नुकसान झाले. प्रत्येकाच्या वाट्याला 2 लाख 40 हजार, असा हिशेब सगळे करतात. भारतीय विश्वस्त अधिनियम, 1882 चे तत्त्व वेगळे आहे. तो कायदा खासगी न्यासांचा असला तरी विश्वस्ताचे कर्तव्य ठरवताना न्यायालये त्याची तत्त्वे सार्वजनिक न्यासांनाही लावतात. कलम 27 म्हणते की सर्वांनी मिळून केलेल्या विश्वासभंगाबद्दल प्रत्येक जण संपूर्ण रकमेला जबाबदार. ज्याच्याकडे घर, पगार, ठेवी आहेत त्याच्याकडून पूर्ण 12 लाख वसूल होऊ शकतात. मग त्याने बाकीच्या चौघांच्या मागे आपापला हिस्सा मागत फिरायचे. कलम 24 आणखी कडक आहे : एका व्यवहारात तोटा झाला, दुसऱ्यात फायदा करून दिला, म्हणून वजावट मागता येत नाही. फायदा न्यासाचा, तोटा तुमचा.

आणि ज्याने फक्त नाव दिले आहे, त्याच्यासाठी कलम 26. सहविश्वस्ताच्या चुकीबद्दल सहसा आपण जबाबदार नाही, असेच ते सुरुवातीला सांगते. पण तीन प्रसंगी ही ढाल निघून जाते. मालमत्ता सहकाऱ्याच्या हाती दिली आणि तिचा योग्य विनियोग होतो का हे पाहिले नाही. त्याला पैसे घेऊ दिले आणि पुरेशी विचारपूस केली नाही. गैरप्रकार कळला आणि तो झाकला, किंवा वाजवी वेळेत काही केले नाही. कोऱ्या धनादेशांच्या पुस्तकावर सह्या करून देणारा सहविश्वस्त यातल्या पहिल्या दोन्हींत एकाच वेळी बसतो.

मग विरोध कसा नोंदवायचा? सभेनंतर पारावर किंवा चहाच्या टपरीवर नाही. इतिवृत्तात ‘माझा विरोध, कारण अमुक’ असे लिहून घ्यायचे. लिहिले नाही तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना हरकत घ्यायची. तरीही नाही तर सचिवांना पोहोच घेऊन पत्र द्यायचे आणि प्रत धर्मादाय कार्यालयाला. निर्णयाबद्दल प्रामाणिक शंका असेल तर 1950च्या अधिनियमाच्या कलम 56-ए प्रमाणे विश्वस्ताला न्यायालयाचे मत किंवा निर्देश मागता येतात. ही तरतूद वकिलांनाही क्वचित आठवते.

‘हे सगळे होऊन पंधरा वर्षे झाली, आता मुदत संपली’ या आशेवर बसणाऱ्यांनी मुदत कायदा, 1963 चे कलम 10 पाहावे. विशिष्ट हेतूसाठी विश्वस्ताकडे सोपवलेली मालमत्ता वा तिचा मोबदला परत मिळवण्यासाठी, किंवा तिचा हिशेब मागण्यासाठी दावा करायला कालमर्यादा नाही. हिंदू, मुस्लीम वा बौद्ध धार्मिक-धर्मादाय देणग्यांचे व्यवस्थापकही त्या कलमाच्या स्पष्टीकरणात विश्वस्त मानले आहेत.

पदावरून दूर करण्याचा अधिकार 1950च्या अधिनियमाच्या कलम 41-डी मध्ये आहे. हिशेब आणि विवरणे देण्यात सतत कसूर, कायदेशीर आदेशाची जाणूनबुजून अवज्ञा, कर्तव्याकडे सततचे दुर्लक्ष वा विश्वासभंग, मालमत्तेचा अपहार, विश्वस्तपदाशी विसंगत असे पद स्वीकारणे, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, ही कारणे. अपहार असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 316 लागते. साध्या फौजदारी विश्वासघाताला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. 1 जुलै 2024 पूर्वीच्या दंड संहितेत ही मर्यादा 3 वर्षे होती.

आयकराबद्दल थोडक्यात, कारण तिथे सनदी लेखापाल तरी विचारले जातात. 85 टक्के उत्पन्न उद्दिष्टासाठी लावण्याचा नियम, एका दिवशी एकाच व्यक्तीला 10,000 रुपयांवर रोखीने दिलेला खर्च मान्य न होणे, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत न मिळणे, आणि विश्वस्त वा त्याच्या नातेवाइकाला दिलेल्या फायद्यामुळे करमाफी धोक्यात येणे, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक विश्वस्ताला माहीत हव्यात. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असल्याने जुन्या परिपत्रकांतले कलम क्रमांक आता तसेच्या तसे वापरू नयेत.

हे सगळे वाचून चांगली माणसे विश्वस्त व्हायला घाबरतील, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. पण काळजी घेऊनही झालेल्या नुकसानीला विश्वस्त जबाबदार नसतो, हेही 1882चा तोच विश्वस्त कायदा सांगतो. काळजी घेतल्याचा पुरावा मात्र त्यालाच द्यावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे कागद. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी परिशिष्ट 1 चा ताजा उतारा, न्यासपत्र किंवा घटना, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, प्रलंबित फेरफार अर्जांची यादी आणि ठेवींच्या पावत्यांच्या प्रती मागाव्यात. ‘दाखवू नंतर’ असे उत्तर आले तर सही करू नये. सोडताना नुसता राजीनामा पुरत नाही; त्याची पोहोच आणि त्यावरचा फेरफार अर्ज दाखल झाल्याची प्रत जवळ ठेवावी. नाहीतर नाव परिशिष्टावर राहते आणि नोटिसा त्याच नावाने येत राहतात. पदावर होतो त्या काळातल्या व्यवहारांची जबाबदारी राजीनाम्यानंतरही उरतेच.

संपादक महोदय, आपल्याकडे एकच विनंती. ‘विश्वस्तपदी निवड’ ही बातमी छापताना त्या न्यासाचा नोंदणी क्रमांकही छापावा. तो क्रमांक असला की कुठल्याही वाचकाला धर्मादाय कार्यालयात अर्ज करून परिशिष्ट 1 ची आणि दाखल हिशेबांची प्रत मागता येते. आणि बातमीसाठी छायाचित्र घेऊन येणाऱ्या पदाधिकाऱ्यांना तो क्रमांक सांगता आला नाही, तर बातमी तो मिळेपर्यंत थांबवावी.

आपला,
धर्मादाय कामकाज पाहणारा एक वकील